गाठीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. अंगात उठलेल्या गाठीचं कूळ मात्र विचारावंच लागतं. श्रोतेहो, मी बी.ए. झालेला कवी. हे शास्त्र कानावर आलं ते महाळुंगे पडवळच्या एका शेतकरी मित्राबरोबर मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या खेपा घालताना. त्याच्या मांडीतली गाठ चरबीची समजून एका दवाखान्यात काढली आणि टाकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. वर्षाने ती पुन्हा आली.

स्नायू, चरबी, नसा यांतून उठणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. मोठ्यांच्या कर्करोगांत तो शंभरात एखादा, पण त्याचे प्रकार पन्नासहून जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली कित्येक सारखेच दिसतात. माझं नाव ऐकून लोक मला उर्दू शायर समजतात. तोंड उघडलं की आंबेगावचा निघतो. पेशीलाही असंच बोलतं करावं लागतं.

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि तीन-चार मायक्रॉनचे काप काढतात. त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड सोडतात. ते चिकटलं, की पुढच्या रसायनाने तिथं तपकिरी रंग उमटतो. प्रतिपिंडाला रंग जोडण्याची कल्पना अमेरिकेतल्या अल्बर्ट कून्स यांची, १९४१ सालची. टाटा हॉस्पिटल उघडलं तेही त्याच वर्षी.

डेस्मिन उमटलं तर स्नायूकडे बोट, एस-१०० उमटलं तर नसेकडे. पण एस-१०० त्वचेच्या मेलानोमातही उमटतं. म्हणून एका साक्षीवर निकाल देत नाहीत. कधी रंग न उमटणं हीच खूण. निरोगी पेशीत असणारं आयएनआय-१ एपिथेलिऑइड सार्कोमात बहुधा नाहीसं झालेलं असतं. मौनाचा असा अर्थ कवीलाही सहसा लागत नाही! मित्राच्या गाठीत टीएलई-१ उमटलं, तरी एक्स आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल दिसल्यावरच सायनोव्हियल सार्कोमा पक्का झाला.

या नावांवर औषध ठरतं. जठर-आतड्यातल्या जिस्ट गाठीत सीडी-११७ बहुधा उमटतं, आणि अशा बहुतेक रुग्णांना इमॅटिनिबची गोळी लागू पडते. नेहमीच्या केमोथेरपीला ती गाठ फारशी दाद देत नाही.

तेव्हा पाच सेंटीमीटरहून मोठी, खोल किंवा वाढती गाठ असेल, तर कापण्याआधी एमआरआय आणि सुईने तुकडा काढून तपासणी करून घ्या. काढलेली गाठ साध्या पाण्यात नको, दहापट फॉर्मॅलिनमध्ये हवी. आणि पुढच्या डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, मेणाचा ठोकळाही मागून घ्या. उन्हापासून जपला तर वर्षांनंतरही त्यातून नवे काप निघतात.