नेटवर्कची उस्तवार : भाग 7 – वायरीच्या दुसऱ्या टोकाला कोण?

मागच्या आठवड्यात आपण मुख्य स्विचची प्रायॉरिटी 32768 वरून 4096 वर आणली आणि रूट ब्रिजचा प्रश्न निकालात काढला. आज एकेका पोर्टकडे वळू. स्विचच्या पानावर स्पॅनिंग ट्रीखाली ‘पोर्ट सेटिंग्ज’ उघडले की कॉस्ट, प्रायॉरिटी, एज, बीपीडीयू गार्ड, रूट गार्ड असे रकाने समोर येतात आणि नवखा माणूस बिचकतो. खरे तर वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे पक्के ठाऊक असले, की बहुतेक रकाने आपोआप भरतात. ठाऊक नसेल तर आधी खुर्चीतून उठा आणि वायरींना लेबले लावा. सेटिंग नंतर.

टोकाला संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा असेल तर तो एज पोर्ट. सिस्कोच्या भाषेत पोर्टफास्ट. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना लूप टाळणाऱ्या स्पॅनिंग ट्रीचे गणित मांडले. त्यावरून पुढे जे मानक झाले, त्यात पोर्टने आधी 15 सेकंद नुसते ऐकायचे, आणखी 15 सेकंद पत्ते शिकायचे आणि मगच वाहतूक सोडायची. हा सावधपणा रास्तच. इथरनेटच्या फ्रेमला आयपी पॅकेटसारखी आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे लूपमध्ये सापडलेली फ्रेम फिरतच राहते. पण संगणकाला एवढा धीर नसतो. सकाळी तो चालू होतो, डीएचसीपीकडे पत्ता मागतो, उत्तर येत नाही, आणि विंडोज 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसते. ‘नेट गेलं’ म्हणून फोन येतो. आयटीवाला जिना चढून वर पोचेपर्यंत नेट आलेले असते. एज ठरवलेला पोर्ट ही वाट न बघता लगेच वाहतूक सोडतो.

2001 साली रॅपिड स्पॅनिंग ट्री आली, तरी हे दुखणे आपोआप जात नाही. तिचा वेग दोन स्विचमधल्या सवाल-जबाबावर चालतो आणि संगणक काही जबाब देत नाही. शिवाय एज न ठरवलेला पोर्ट चालू झाला, की ‘रचना बदलली’ अशी दवंडी पिटली जाते आणि इतर स्विच शिकलेले पत्ते पुसून टाकतात. कॉलेजच्या लॅबमध्ये तास सुरू होताना सगळे संगणक एकदम चालू केले, तर काय होत असेल ते बघा.

मात्र एज लावला तिथे बीपीडीयू गार्ड लावायचाच. माझ्या लेखी हे वेगवेगळे दोन पर्याय नाहीतच. कोणीतरी टेबलाखाली पाच पोर्टांचा साधा स्विच आणून ठेवतो आणि लोंबणारी पॅच कॉर्ड बघून तिचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये खुपसतो. आपल्या पोर्टमधून गेलेला बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा निरोप, तिथून फिरून परत येतो, गार्ड तो पाहतो आणि पोर्ट बंद पाडतो. एका टेबलाचे नेट जाते, मजला वाचतो. काही साधे स्विच बीपीडीयू गिळूनच टाकतात. तिथे गार्ड आंधळा, म्हणून स्टॉर्म कंट्रोलही जोडीला हवा.

याच यादीत बीपीडीयू फिल्टर नावाचा एक पर्याय असतो. लॉगमधली कटकट थांबते म्हणून लोक तो हौसेने लावतात. पोर्टवर थेट लावलेला फिल्टर बीपीडीयू पाठवत नाही आणि आलेला मोजत नाही, म्हणजे त्या पोर्टपुरती स्पॅनिंग ट्री बंदच. सिस्कोवर तो गार्डलाही निकामी करतो. नक्की कशासाठी लावतोय हे सांगता येत नसेल, तर त्याला हात लावू नका.

आता टोकाला स्विच असेल तेव्हाचे. तिथे एज नाही. मुख्य स्विचवरून खालच्या मजल्यांकडे जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड लावा. खालून कोणी जास्त मोठेपणा सांगू लागला, तर तेवढा पोर्ट अडतो आणि तो गप्प झाला की आपोआप सुटतो. खालच्या स्विचवर, वर जाणाऱ्या पोर्टांना लूप गार्ड द्या. फायबरच्या जोडीतला एकच धागा तुटला आणि बीपीडीयू येणे थांबले, तर अडवलेला पोर्ट मोकळा होऊन लूप होण्याचा धोका असतो, तो टळतो. दोन्ही गार्ड एकाच पोर्टवर लावायचे नसतात.

राहिला कॉस्ट. तो सहसा बदलावा लागत नाही, फक्त दोन कंपन्यांचे स्विच एकत्र असतील तर जरूर तपासा. जुन्या पद्धतीत 1 गिगाबिटच्या दुव्याला 4 धरतात, नव्या लांब पद्धतीत 20000. एक स्विच एका पद्धतीने आणि शेजारचा दुसऱ्या पद्धतीने मोजत असेल, तर चांगली 10 गिगाबिटची वाट रिकामी पडते आणि सगळी वाहतूक भलत्याच दुव्यावरून जाते. सगळीकडे लांब पद्धत लावा, पण कामाच्या वेळेत नव्हे. कॉस्ट बदलला की वाटा नव्याने ठरतात आणि तेवढा वेळ सगळ्यांचेच नेट अडखळते.