विद्येची शहरं (लेखांक ६) : केंब्रिज पाहावं ते थंडीत

गेल्या आठवड्यात आपण ऑक्सफर्ड पाहिलं. केंब्रिजचा जन्म त्याच ऑक्सफर्डमधल्या एका रक्तरंजित भांडणातून झाला. १२०९ साली तिथे एका बाईच्या खुनाचा आळ एका विद्यार्थ्यावर आला. तो पळून गेला, तेव्हा चिडलेल्या गावाने त्याच्याबरोबर राहणाऱ्यांनाच फासावर चढवलं. धास्तावलेले गुरू आणि शिष्य वाट फुटेल तिकडे पांगले. त्यांतले काही कॅम नदीकाठच्या बाजारगावात येऊन राहिले आणि तिथलेच झाले.

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे जाणारी आपली मंडळी बहुधा उन्हाळ्यात जातात आणि त्यातला एक दिवस केंब्रिजला देतात. माझा आग्रह आहे, शक्य असेल तर हा दिवस जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत काढा. केंब्रिजच्या वर्षाची तीन सत्रं असतात आणि प्रत्येक सत्रात शिकवण्याचे आठवडे जेमतेम आठ. पहिलं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, दुसरं जानेवारीच्या मध्यावर. एप्रिलनंतरचं तिसरं परीक्षांचं असल्यामुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना आत घेत नाहीत आणि पुढे सुट्टीत विद्यार्थीच गावात नसतात. विद्यापीठ भरात असतं ते अंधार लवकर पडण्याच्या दिवसांत.

किंग्ज क्रॉस स्टेशनवरून थेट गाडी साधारण पाऊण-एक तासात पोहोचवते. सकाळची गाडी धरा, कारण जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. उत्तरेला फेन्सचा सपाट, पूर्वी दलदलीचा असलेला प्रदेश पसरला आहे. वाऱ्याला अडवायला एक टेकडी नाही. कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

स्टेशन गावापासून जरा दूर आहे, पण चालत निघा. वाटेत विद्यापीठाची वनस्पतिबाग लागते. चार्ल्स डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी ती उभी केली आणि १८४६ साली ती लोकांसाठी खुली झाली. तिथे खास हिवाळ्यासाठी लावलेला एक भाग आहे. पानं गळून गेल्यावर डॉगवूडच्या लालभडक, पिवळ्या काटक्यांचे ताटवे तिरप्या उन्हात झळाळून उठतात. भर थंडीत फुलणाऱ्या झुडपांचा वासही घुमत असतो. उन्हाळ्यात आलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

पुढे ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर फिट्झविल्यम संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य. त्याच्या समोर एके काळी फिट्झविल्यम हाउस होतं. इथली व्यवस्था अशी की पदवी आणि परीक्षा विद्यापीठाची, पण राहणं, जेवण आणि एका-दोघांना समोर बसवून घेतली जाणारी शिकवणी कॉलेजची. ज्यांना कॉलेजचा खर्च झेपत नसे त्यांच्यासाठी १८६९ साली वेगळी सोय झाली आणि तिचंच पुढे फिट्झविल्यम हाउस झालं. सुभाषचंद्र बोस इथलेच. १९५७ साली जयंत नारळीकर आले तेही इथेच, आणि १९६३ मध्ये ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. या दोघांची नावं माहीत असलेल्या मराठी माणसाने या रस्त्यावर क्षणभर तरी थांबावं.

थोडं पुढे पीटरहाउस, १२८४ सालचं, केंब्रिजचं सर्वांत जुनं कॉलेज. बेनेट स्ट्रीटवरच्या ‘ईगल’ या पबमध्ये २८ फेब्रुवारी १९५३ रोजी फ्रान्सिस क्रिकने दुपारच्या जेवणाला जमलेल्यांना जीवनाचं रहस्य सापडल्याचं सांगितलं. ते डीएनएच्या रचनेबद्दल बोलत होते. तो शोध रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांवाचून लागला नसता, हे तिथे उभं राहून आठवलंच पाहिजे.

मग किंग्ज कॉलेजचं चॅपेल. सहाव्या हेन्रीने १४४६ साली काम सुरू केलं, यादवी युद्धांत ते रखडलं आणि छत पुरं व्हायला १५१५ उजाडलं. खांबांतून वर निघालेल्या दगडी फासळ्या हातपंख्यासारख्या उलगडत जातात. या प्रकारचं इतकं मोठं छत जगात दुसरं नाही. १९१३ साली लंडनला शिकायला आलेले प्रशांतचंद्र महालनोबिस एका दिवसासाठी केंब्रिजला आले होते. परतीची गाडी चुकली म्हणून मित्राकडे राहिले. या चॅपेलने त्यांना इतकं भारावलं की लंडनचा बेत सोडून ते किंग्जमध्येच दाखल झाले. भारतीय संख्याशास्त्राचा पाया घालणारा माणूस असा इथे आला.

ट्रिनिटी कॉलेजच्या दारापाशी न्यूटनच्या गावच्या सफरचंदाचं कलम आहे, या दिवसांत निष्पर्ण. आतल्या रेन ग्रंथालयात न्यूटनची ‘प्रिन्सिपिया’ची स्वतःची प्रत आहे, त्याच्याच हाताने दुरुस्त्या केलेली. रामानुजन यांच्या ‘हरवलेल्या वही’ची पानंही इथेच आहेत. ग्रंथालय ठरावीक वेळीच उघडं असतं, वेळ आधी पाहून जा.

रामानुजन १९१४ साली आले. एका थंडीत महालनोबिस त्यांच्या खोलीवर गेले, तर ते रात्री ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून झोपत असल्याचं कळलं. पलंगावर ब्लँकेटं होती, पण कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. त्या उपसून आत शिरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जगाला थक्क करणारं गणित हा माणूस कुडकुडत करत होता. शाकाहार सांभाळत, महायुद्धाच्या टंचाईत स्वतः रांधत होता. १९१७ मध्ये त्यांनी अंथरूण धरलं, १९१८ मध्ये ट्रिनिटीचे फेलो झाले आणि १९२० साली बत्तिसाव्या वर्षी गेले. मला केंब्रिजची थंडी खऱ्या अर्थाने समजते ती या गोष्टीतून.

शेजारच्या सेंट जॉन्स कॉलेजात दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकले. केंब्रिजच्या गणिताच्या कठीण परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि सर्वांत वरचा सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान परांजप्यांना मिळाला, एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने. भारतीयाला तो मिळाल्याची ही पहिलीच वेळ. पुढे मोठ्या सरकारी नोकरीचा मोह न धरता त्यांनी पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज सांभाळलं. मला त्या यशाइतकाच हा निर्णय मोठा वाटतो.

अंधार पडला तरी लगेच स्टेशन गाठू नका. सत्र चालू असताना किंग्जच्या चॅपेलमध्ये बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास सायंप्रार्थना असते. दिवसा तिकीट काढून पाहावं लागणारं चॅपेल तेव्हा सर्वांना मोकळं असतं, धर्म कुणी विचारत नाही. हेन्रीने घालून दिल्याप्रमाणे सोळा मुलगे आजही तिथे गातात. रांग लागते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा, फोन बंद ठेवा आणि गाणं संपेपर्यंत बसा. लंडनच्या गाड्या त्यानंतरही भरपूर असतात.

पुढच्या लेखांकात : हायडेलबर्ग.