खिशात मावणारी कोठीची खोली

जुन्या वाड्यांमधून कोठीची खोली नावाचा एक काळोखा कारभार असे. धान्याच्या कणग्या, लोणच्याच्या बरण्या, लग्नकार्यातली पातेली, कुणाचा तरी मोडका पाळणा असे सगळे तिच्या पोटात गेलेले असायचे. वाडे गेले, ब्लॉक आले आणि कोठीच्या खोलीचा माळा झाला. पुढे बिल्डरांनी माळेही काढून टाकले. घर चकचकीत झाले, सामान मात्र तेवढेच राहिले, किंबहुना वाढलेच.

संगणकाचे नेमके असेच झाले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी टेबलावर ठाण मांडून बसणाऱ्या संगणकात ५०० जीबीची किंवा १ टीबीची हार्ड डिस्क सर्रास असे. आज दुकानात जाऊन बेताच्या किमतीचा नवा पातळ लॅपटॉप मागा, बहुधा २५६ किंवा ५१२ जीबीवर बोळवण होते. वेगाला तोड नाही, वजन वहीएवढे, पण जागेच्या नावाने ठणाणा. शिवाय पूर्वीसारखी 'नंतर घालू मोठी डिस्क' ही सोय पुष्कळ यंत्रांत उरलेली नाही. मॅकबुकसारख्या लॅपटॉपमध्ये साठवणुकीच्या चिपा मुख्य पट्टीवर डाख देऊनच बसवलेल्या असतात. घेताना जास्त जागा घ्यावी, तर कंपन्या त्या जागेचे भाव दक्षिण मुंबईतल्या फ्लॅटच्या हिशेबाने लावतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. अनेक धडधाकट संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नव्हते, त्यामुळे पुष्कळ घरांत नवे यंत्र आले. आमच्याही आले, लेकीच्या अभ्यासासाठी, २५६ जीबीचे. आणि जुन्या संगणकात होते ३८० जीबी सामान. लेकीच्या बारशापासूनचे फोटो, सहलींच्या चित्रफिती, आयकराचे कागद. त्यातच एका फोल्डरमध्ये माझ्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या.

या ओव्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १९९४ साली माझ्या पत्नीने माहेरी जाऊन टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवला आणि आईला गायला लावले. तासातासाच्या नऊ कॅसेट भरल्या. सासूबाई २००३ साली गेल्या. २०११मध्ये कॅसेटना बुरशी धरू लागली, तेव्हा पत्नीने त्या संगणकावर उतरवून घेतल्या. सीडीच्या दर्जाचा एक तासाचा आवाज साधारण ६३५ एमबी होतो, म्हणजे नऊ तासांना सहा जीबीसुद्धा लागत नाहीत. आजच्या मापाने हे चिमूटभरच, पण ते फोटोंसारखे चार नातेवाइकांच्या फोनमध्ये सापडणार नाही. तो आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही.

म्हणून जागेचा प्रश्न सोडवण्यासाठी आम्ही बाहेरून जोडायची १ टीबीची एसएसडी घेतली. साबणाच्या लहान वडीएवढी, वजन साठ ग्रॅमच्या आसपास. (संगणकाला जोडल्यावर विंडोज ती ९३१ जीबी दाखवते. दुकानदाराने माप मारलेले नसते. कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या, एवढाच तो फरक.) आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत आणि धूड एका टनाहून जड होते. आज तेवढ्यात फोनमधला एखादा फोटो मावेल.

या डबीत फिरणारे काहीच नाही, हे तिचे मोठेपण. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर एक सुई तरंगते. चालू असताना धक्का बसला की सुई तबकडीला घासलीच म्हणून समजा. एसएसडीत चिपाच चिपा. तोशिबा कंपनीतले जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. आज एसएसडीत असतो तो तिचा नँड प्रकार त्यांनी १९८७ साली मांडला. माहिती पुसण्याची क्रिया कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी झपकन होते, म्हणून एका सहकाऱ्याने हे नाव सुचवले. चिपेत अब्जावधी सूक्ष्म रांजण असतात आणि त्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. रांजण भरलेला की रिकामा, यावरून एक किंवा शून्य. हल्लीच्या स्वस्त चिपांत एकेका रांजणाच्या आठ किंवा सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात, तेव्हा कुठे एवढ्या छोट्या जागेत एवढा माल बसतो.

पण वेगाचा मामला एकट्या डबीवर अवलंबून नाही. नव्या संगणकांना एकाच आकाराचे, लंबगोल यूएसबी-सी भोक असते. आकार एक, पण आत काय आहे ते बाहेरून कळेल तर शपथ. कुठे सेकंदाला ५ गिगाबिट, कुठे १०, २० तर कुठे ४०. केबलचे तर विचारूच नका. फोनच्या चार्जरबरोबर येणारी केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यातून पुष्कळदा फक्त ४८० मेगाबिटचा, यूएसबी २.०चा, जुना ओढा वाहतो. मी मुद्दाम नव्या लॅपटॉपला दोन्ही केबल्स आळीपाळीने लावून पाहिल्या. डबीबरोबरच्या केबलने सेकंदाला जवळजवळ हजार एमबी, तर फोनच्या केबलने चाळीसच्या आतबाहेर. म्हणजे ३८० जीबी न्यायला एकीला सहा-सात मिनिटे पुरतील आणि दुसरीला अडीच तासांहून अधिक लागतील. प्रत्यक्षात छोट्या छोट्या फायली हजारोंनी असल्या की वेग आणखी घसरतो. बरीच मोठी रास एका दमात लिहायला लावली तरीही घसरतो, कारण डबीतला जलद कप्पा भरतो, शिवाय ती तापते आणि जिवाला जपून सावकाश चालू लागते. अशा वेळी ती उशीखाली किंवा गादीवर ठेवू नये.

खरेदीपूर्वी आणखी एक पाहावे. डबीवर '२०' लिहिले आहे म्हणून संगणक तेवढ्या वेगाने बोलेलच असे नाही. ॲपलच्या एम१ ते एम४ चिपांच्या मॅकना ४० गिगाबिटची भाषा येते, पण यूएसबी ३.२मधली २० गिगाबिटची बोली येत नाही. तिथे २०ची डबी निमूटपणे १०वर चालते. ज्यादा पैसे पाण्यात!

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आपला जुना संगणक. त्यातली फिरणारी डिस्कच सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देणार. बैलगाडीमागे मोटार लावली तरी चाल बैलाचीच. आमचे सामान जुन्या घरातून डबीत यायला तास-सव्वा तास लागला, तोही जुन्या संगणकाचे निळ्या रंगाचे भोक वापरले म्हणून. निळा म्हणजे बहुधा यूएसबी ३.०, काळा म्हणजे बहुधा २.०. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नव्या डबीची मांडणी, म्हणजे फॉरमॅट, कोणती ठेवायची हेही सामान भरण्याआधी ठरवावे, कारण नंतर बदलायचे तर सगळे पुसावे लागते. घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट बरे, ते दोघांनाही लिहिता-वाचता येते. विंडोजची एनटीएफएस मांडणी मॅक नुसती वाचतो, त्यात आपणहून लिहीत नाही. उलट मॅकवरची फोटो लायब्ररी डबीत ठेवून तिथूनच वापरायची असेल तर एक्सफॅट चालत नाही, एपीएफएस लागते. एक्सफॅटचा एक दोष असा की आपण काय लिहायला घेतले आणि कुठवर आलो याची रोजकीर्द ते ठेवत नाही. लिहिणे चालू असताना केबल उपटली तर घोटाळ्याची शक्यता अधिक. म्हणून 'इजेक्ट' म्हणावे, मगच केबल काढावी. आमच्या घरी लेक याला 'डबीला टाटा करणे' म्हणते.

इथवर सगळे सोयीचे झाले. आता काळजीचे.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. माणूस अत्यंत नीटनेटका. त्यांनी बारा वर्षांचे फोटो अशाच एका डबीत हलवले आणि लॅपटॉप स्वच्छ केला. 'सगळ्याचा बॅकअप घेतला' असे ते अभिमानाने सांगत. आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी डबी संगणकाला दिसेचना. कुरकुर नाही, खडखड नाही. जुनी हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कण्हते-कुंथते. एसएसडी रात्रीतून जाऊ शकते. दोन दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. आतला नियंत्रक निकामी झाला की माहिती चिपांवर विखुरलेली आणि बहुधा सांकेतिक रूपात उरते, ती जुळवणे महाकठीण. पुसलेल्या फायलींचीही तीच गत. हार्ड डिस्कवर पुसलेले कित्येकदा परत मिळे. एसएसडीत 'ट्रिम' नावाची व्यवस्था चालू असली तर पुसलेली जागा ती आपणहून झाडूनपुसून ठेवते.

मला वाटते, त्यांचा घात डबीपेक्षा त्या 'बॅकअप' शब्दाने केला. सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवले तर ते दोन होत नाही. प्रत दोन ठिकाणी असेल तरच तिला बॅकअप म्हणावे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासाठी एक सुटसुटीत हिशेब रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

दुसरी गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहीत. त्या रांजणांतला भार फार सावकाश का होईना, झिरपतो. उद्योगाच्या जेडेक या मानक संस्थेची घरगुती एसएसडीसाठी अपेक्षा आहे ती अशी: ठरलेले सगळे लिहिणे भोगून झिजलेली डबी ३० अंश तापमानात वीज न देता ठेवली, तर तिने निदान एक वर्ष माहिती सांभाळावी. नवी, कमी वापरलेली डबी याहून पुष्कळ अधिक टिकते, घाबरण्याचे कारण नाही. पण उष्णतेने झिरपणे वाढते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाट काय तापते ते सांगायला नको. तेव्हा ही डबी रोजच्या वहिवाटीची. दागिन्यांसारखी लॉकरमध्ये ठेवून दहा वर्षांनी उघडायची वस्तू ती नव्हे. सहा महिन्यांतून एकदा तरी जोडावी, फायली उघडून पाहाव्यात आणि चार-पाच वर्षांनी सगळे नव्या साधनावर उतरवावे.

आणि हो, '१६ टीबी, फक्त दोन हजारांत' अशी जाहिरात दिसली तर पुढे चालू लागा. असल्या पुष्कळ डब्यांत एखादे छोटे मेमरी कार्ड चिकटवलेले असते आणि संगणकाला खोटे माप सांगायला शिकवलेले असते. खरी जागा भरली की नवे सामान जुन्यावरच बसत जाते आणि यादीत मात्र सगळी नावे ठाकठीक दिसतात. शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट मिळणारा जर्मन प्रोग्राम डबी काठोकाठ भरतो आणि परत वाचून पाहतो.

कुलपाचाही विचार करावा. खिशात मावते ती वस्तू रिक्षात राहू शकते, आणि आपल्या डबीत पॅन, आधार, बँकेची पुस्तके असतात. परवलीचा शब्द घालून माहिती सांकेतिक करण्याची सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत आणि मॅकमध्ये आहे. पण तो शब्द विसरला तर ब्रह्मदेवही आत जाऊ शकत नाही. आमच्या घरी तो विम्याच्या कागदांबरोबरच्या वहीत लिहिलेला आहे, आणि ती वही कुठे आहे ते तिघांनाही ठाऊक आहे. ओव्यांच्या प्रतीला मात्र पत्नीने कुलूप घालू दिले नाही. "ज्याच्या हाती लागेल त्याने ऐकावं. आईला काय लपवायचं होतं?" असे तिचे म्हणणे.

सध्या आमची व्यवस्था अशी आहे. डबी लेकीच्या टेबलावर, रोजच्या वापरात. दुसरी प्रत २ टीबीच्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर, घरातच. जागेच्या हिशेबाने ती अजूनही स्वस्त पडते, आणि नुसते साठवायचे तर वेगाची काय घाई? तशीच तिसरी डिस्क कोल्हापूरला मेहुणीकडे. दर दिवाळीला घरची ताजी डिस्क तिकडे जाते, तिकडची इकडे येते आणि नव्याने भरली जाते.

जाणारी डिस्क पिशवीत घालण्यापूर्वी पत्नी ती लॅपटॉपला जोडते आणि नऊपैकी कोणत्याही तीन फायली पहिल्यापासून शेवटपर्यंत लावते. फायलीचे नाव दिसले म्हणजे फाइल वाजते असे नाही, हे तिला पक्के माहीत आहे. तीन तास घरात दुसरा आवाज होत नाही. चकल्या तळल्या जातात, लेक अभ्यास बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसते, आणि आधी जात्याची घरघर ऐकू येते, मग सासूबाई.