पाव इंच माती

क्लबच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत मे महिन्याच्या पानावर एक नोंद ठरलेली असते : 'माती, १ ब्रास'. कधी तांबडी, कधी काळी. रक्कम वर्षागणिक फुगत गेली, ब्रास मात्र एकच राहिला. खेळपट्टी ६६ फूट लांब आणि १० फूट रुंद, म्हणजे ६६० चौरस फूट. हंगाम संपल्यावर तिच्यावर माती चढवायची ती फार तर पाव इंच. त्याला साधारण १४ घनफूट पुरते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तीन पट्ट्यांच्या क्लबाला त्यातली निम्मीही लागत नाही, आणि अर्धा ब्रास घेऊन आझाद मैदानापर्यंत यायला ट्रकवाला तयार होत नाही. मग शेजारच्या तंबूशी भागी करायची, उरलेली माती प्लास्टिकखाली झाकून ठेवायची आणि वर्षभर ठिगळांना वापरायची. मैदानी क्लबांचा कारभार अनेक वर्षं असाच चालत आला आहे.

पट्टी मुळापासून नवी करायची तर हिशेबच पालटतो. नुसती आठ इंच खणली तरी ४४० घनफूट, म्हणजे साडेचार ब्रासच्या आसपास. शिवाय रोलर फिरला की माती बसते, तेव्हा त्याहून बरीच जास्त आणावी लागते. असला खर्च क्लब पिढीतून एखाददुसऱ्या वेळी करतो, तोही कुणी माजी खेळाडू देणगी देईल तेव्हा. बाकी सगळा खेळ वरच्या पाव इंचावर.

पट्टीची निगा हे काम आपल्याकडे कधी मानाचं नव्हतंच. भारतीय क्रिकेटचे पहिले मोठे गोलंदाज पळवणकर बाळू याच कामातून वर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर, पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर ते पट्टीवर रोलर फिरवत, रेषा आखत, जाळी उभारत. ग्रेगसारख्या गोऱ्या फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची फिरकी घडली आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कुठली जमीन कधी चेंडू वळवते, हे रोलर ओढणाऱ्याइतकं कुणाला कळणार? तरीही आज शंभरएक वर्षांनंतर स्कोअरबुकात अंपायरचं नाव असतं, स्कोअररचं असतं, पट्टी राखणाऱ्या माळ्याचं नसतं.

मुंबईचं दुखणं आणखी वेगळं आहे. महाराष्ट्रात इतरत्र मे-अखेर खेळ थांबला की पट्टीला सगळा पावसाळा मिळतो. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग आहे, आणि ती खेळली जाते ती ऐन पावसाळ्यात, उघड्या पट्ट्यांवर. या लीगने मुंबईच्या फलंदाजांना ओल्या, उसळत्या विकेटवर उभं राहायला शिकवलं, याबद्दल दुमत नाही. पण मे-अखेर ते जुलै एवढ्या अवधीत माती चढवणं, हरळी लावणं आणि ती धरेपर्यंत थांबणं, हे सगळं बसवावं लागतं. त्यात जूनचा पहिला दणका कधी बसेल याचा नेम नाही. आदल्या दिवशी टाकलेली माती एका रात्रीत वाहून सीमारेषेपाशी जाऊन बसलेली अनेकांनी पाहिली आहे.

काम वरवर सोपं दिसतं. शेवटचा सामना झाला की चुन्याच्या रेषा खरवडून काढायच्या, सैल धूळ झाडायची, पट्टी भरपूर भिजवायची. दोन-तीन दिवसांनी वाफसा आला की लोखंडी पंज्याने वरचं मेलेलं गवत ओरबाडून काढायचं. गोलंदाजांच्या पायांनी क्रीझजवळ पडलेले खड्डे नुसते भरून भागत नाही. आमच्या माळ्याचं, ज्यांना सगळे मामा म्हणतात त्यांचं, हे काम बघत बसावं असं. ते खड्डा आधी मोठा करतात : खुरप्याने कडा सरळ चौकोनी कापतात, तळाशी पाणी शिंपडतात, मग ओलसर माती मूठमूठ टाकून प्रत्येक थरावर धुम्मस चालवतात. शेवटी अंगठा रुततो का ते बघतात. वाकड्या कडेवर थापलेली माती डिसेंबरात पहिल्याच वेगवान गोलंदाजाच्या पायाखाली ढेकळासारखी निघते, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही.

मातीची पारखही घरगुतीच. ट्रक आला की मूठभर माती भिजवून गोळा करायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा आणि टाचेखाली दाबायचा. भुगा झाला तर ट्रक परत. आणि जी माती खाली आहे तीच वर हवी. स्वस्त मिळाली म्हणून तांबड्या पट्टीवर काळी चढवली, की दोन्ही थर एकमेकांशी जुळत नाहीत. वरचा पापुद्रा सुटतो आणि चेंडू एक बोटाला लागतो, पुढचा घोट्याला. वहीतल्या 'कधी तांबडी, कधी काळी' या नोंदीमागे काही पट्ट्यांची अशीच वाट लागलेली आहे. शेणखत तर पट्टीवर नकोच. गवत माजतं आणि माती मऊ पडते.

हरळीला मात्र पैसा लागत नाही. मैदानाच्या कडेच्या हरळीची धावती खोडं उपटून बोट-दीड बोटाचे तुकडे करायचे, ओल्या मातीत टोचायचे. गणपतीला वाहतो तीच दूर्वा, तिची मुळं माती घट्ट धरून ठेवतात. खरा शत्रू लव्हाळा. वरून पात उपटली तर जमिनीतल्या गाठीतून आठवड्यात पुन्हा डोकावतो. खुरपं खोल घालून गाठ काढली तरच जातो. या निंदणीला यंत्र नाही. दुपारभर उकिडवं बसणारा माणूस लागतो.

ऐंशीच्या दशकापर्यंत हे सगळं वेळेत होई, कारण एप्रिलनंतर मैदानं रिकामी पडत. परीक्षा संपल्या की पोरं गावाला जात. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी रचली. त्यानंतर मैदानाकडे पालकांचा ओघ लागला आणि उन्हाळी शिबिरं हा क्लबांचा मोठा आधार झाला. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहापासून जाळीत पोरांची रांग. याच फीमधून माती येते, माळ्याचा पगार निघतो, रोलरचं बेअरिंग बदलतं. आणि याच शिबिरांनी पट्टीच्या विश्रांतीचे आठवडे खाल्ले. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पुढे कंपन्यांच्या स्पर्धा आल्या, त्यांनी उरलेले शनिवार-रविवार भाड्याने घेतले. बजेट नाही म्हणून पट्ट्या बिघडल्या, असं सर्रास म्हटलं जातं. वह्या वेगळं सांगतात : नव्वदनंतर मातीवरचा खर्च वाढत गेला आणि पट्ट्यांबद्दलच्या तक्रारीही त्याच पानांवर वाढत गेल्या. पैशाला चिकटून बसायला माती लागते, आणि मातीला मुळं धरायला सलग आठवडे.

पैसा असूनही पट्टी हाताबाहेर जाते, याचा दाखला गहुंज्यात आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या मैदानावरच्या पुणे कसोटीत भारत ३३३ धावांनी हरला आणि सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला 'निकृष्ट' शेरा दिला. तिथे रोलर, पंप, तज्ज्ञ, काय नव्हतं? क्लबवाल्यांनी तेव्हा थोडं समाधानही मानलं असेल.

मधल्या काळात पाणी हा नवा खर्च आला. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला लावले. तेव्हापासून मैदानावर होज सोडलेला दिसला की येणारा-जाणारा हटकतो. त्या धास्तीने वरवर शिंपडलेल्या पाण्याने मात्र उलटा तोटा होतो : ओल दोन इंचांखाली जात नाही, मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा, पण मुरेपर्यंत भिजवायचं, एवढं जरी सगळ्यांनी पाळलं तरी टँकर कमी लागतील.

२०२० साली मार्चमध्येच हंगाम मोडला आणि पट्ट्यांना मागितली नव्हती इतकी विश्रांती मिळाली. लोक म्हणाले, आता बघा, सुधारतील. मैदानं उघडली तेव्हा हरळी खोल गेलेली होती हे खरं, पण लव्हाळा कमरेशी आणि उंदरांची बिळं गुडलेंथवर. माळी गावाला अडकले होते. नुसता वेळ मिळूनही चालत नाही तर.

२०२४ च्या आयपीएलनंतर बोर्डाने दहा नेहमीच्या मैदानांवरच्या क्युरेटर आणि ग्राउंड्समनना प्रत्येक मैदानामागे २५ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. बाळूंच्या तीन रुपयांपासून इथवरचा पल्ला मोठाच. मैदानी माळ्यापर्यंत त्यातलं काही झिरपलेलं नाही. या माळ्यांपैकी काही तंबूतच झोपतात, तंबूतच रांधतात. कोकणातल्यांच्या बाबतीत अडचण दुहेरी, कारण पट्टीवर हरळी लावायची आणि शेतात भात लावायचं, दोन्ही एकाच पंधरवड्यात येतं. पट्टी हरणार हे उघड आहे, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

अलीकडे काही क्लब एक पट्टी मार्चअखेरच बंद करू लागले आहेत; दरवर्षी वेगळी. शिबिराची पोरं तोवर सिमेंटच्या विकेटवर, मॅटवर. पालकांना हे रुचत नाही, फी टर्फची भरली आहे असं ते ऐकवतात. आमच्या कमिटीत यंदा हा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला आणि खजिनदार अजून घुश्शात आहेत. मधल्या पट्टीभोवती सुतळी बांधून झाली, अर्धा ब्रास तांबडी माती चाळून पडली आहे. मामा लावणी उरकून जुलैच्या अखेरीस परततील. तोवर लव्हाळा कोण काढणार, याची नोंद इतिवृत्तात कुठेच नाही.