नातवंडांची शोराशीम आणि आपली जुनी ट्रंक

सातवीला गेलेलं नातवंड एखाद्या संध्याकाळी जवळ येऊन विचारतं, "सावता, आपण नक्की कुठले?" तेव्हा समजावं की शाळेत अवोदात शोराशीम सुरू झाली आहे. बार मित्स्वा, बात मित्स्वाच्या सुमारास इथल्या पुष्कळ शाळांत मुलांना आपल्या घराण्याचा शोध घेऊन वही तयार करावी लागते. मुलं शाळेच्या सिफ्रियेत जातात, पण कपाटाकडे नव्हे, तिथल्या संगणकाकडे. पहिला घोटाळा होतो तो इथेच.

आमच्या ओळखीतल्या एका नातवाने तिथे 'पेणकर' हे आडनाव शोधलं. काही मिळालं नाही. "साबा, आपल्याबद्दल कुणी काहीच लिहिलेलं नाही," असं तो घरी येऊन म्हणाला, ते आजोबांना फार लागलं. वास्तविक लिहिलेलं पुष्कळ आहे. पण यंत्र अक्षरं जुळवून पाहतं, आणि आपली आडनावं हिब्रू अक्षरांत नीट मावत नाहीत. 'प' आणि 'फ' यांना एकच अक्षर, 'न' आणि 'ण' यांनाही एकच, आणि स्वर बहुतेक लिहायचेच नाहीत. अष्टमकर लिहिताना कुणी 'तेत' घालतो, कुणी 'ताव'. सख्खे भाऊ आडनाव दोन तऱ्हांनी लिहितात हे आपण पाहिलंच आहे. आपल्या लेखी ते भाऊ, यंत्राच्या लेखी दोन वेगळी घराणी!

म्हणून एका कागदावर आडनाव हिब्रूत जितक्या तऱ्हांनी लिहिलं जातं तितक्या तऱ्हांनी लिहून द्यावं, इंग्रजीत आणि मराठीतही द्यावं. खाली गावाचं नाव घालावं. आडनावातला 'कर' म्हणजे काय हे मुलांना ठाऊक नसतं. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, नवगावकर नवगावचे, केहिमकर किहीमचे. गाव कळलं की मुलं फोनवरच्या नकाशात ते क्षणात काढतात.

आता पुस्तकांविषयी. हाईम सामुएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली, आपल्यापैकी कित्येक तिथेच शिकले. याच केहिमकरांनी १८९७ साली लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. तो इंग्रजीत असल्याने नातवंड थोड्या मदतीने वाचू शकतं. मराठी पुस्तकाचं तसं नाही. फोनचा कॅमेरा मराठी पानावर धरला तर हिब्रू भाषांतर मिळतं खरं. पण दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर आणि बिरड्याचा सण म्हणजे तिशा बेआव, हे फोनला कोण सांगणार? शनवार तेली या दोन शब्दांत आपला केवढा इतिहास आहे! तिथे साबा-सावताच लागतात.

काही शाळांत हाकेशेर हारव-दोरी नावाचा उपक्रम चालतो. त्यात वडीलधारे शाळेत जातात, मूल त्यांना संगणक शिकवतं, ते मुलाला आपली हकिगत सांगतात, आणि ती हकिगत इंटरनेटवरच्या संग्रहात जमा होते. शेवटी शब्दांचा छोटा कोशही जोडता येतो. वरचे शब्द त्यातच जावेत. आपल्या नातवंडाच्या शाळेत हे आहे का, ते मोराला विचारावं. "मला संगणक येत नाही" ही सबब इथे चालत नाही, कारण तो शिकवण्यासाठीच मूल शेजारी बसलेलं असतं. मात्र सांगताना एकच गोष्ट धरावी: मालिद्याचं ताट, आजीचा दिवा, गावची मशीद. ("मशीद" म्हणजे आपलं सिनेगॉग, हेही मुलाला सांगावं लागेल.) आमच्यातले काही जण विमानाच्या तिकिटापासून सुरू करतात आणि लोदला पोहोचेपर्यंत तास संपतो.

ट्रंकेत जुना हगादा असेल तर तो शाळेत मुळीच देऊ नये. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ साली छापला गेला, पुण्याचा १८७४ सालचा; पुण्याच्या हगादात साडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखवल्या आहेत. अशा पुस्तकाला चिकटपट्टी लावू नये, यंत्रावर दाबू नये. खिडकीजवळ सावलीत ठेवून नातवंडाकडून एकेका पानाचा फोटो काढून घ्यावा. पहिलं पान विसरू नये, साल आणि छापखाना त्यावरच असतो. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी इमारत २०२३ साली उघडली. पुस्तक फार जुनं वाटलं तर तिथे फोन करून विचारावं.

राहिलं वाचून दाखवणं. फोन टेबलावर ठेवावा, ध्वनिमुद्रणाचं बटण नातवंडाला दाबू द्यावं आणि एका वेळी दोन-तीन पानंच वाचावीत. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, पानाचा आकडा आणि तारीख सांगावी. मग आपलं नाव, गाव आणि आईचं माहेरचं आडनाव. ते बहुधा घरातल्या कुठल्याच कागदावर नसतं.