ॲडमिन केलं, पण परमिशनच दिली नाही! एनएसएच्या जन्माची गोष्ट

समजा, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हाला ॲडमिन केलं. पण कुणालाही काढायचं तर बाकी सगळ्यांचा होकार हवा. असा ॲडमिन काय कामाचा? अमेरिकेत १९४९ साली जवळपास हेच झालं, तेही परक्या देशांचे गुप्त संदेश पकडून त्यांचे कोड फोडणाऱ्या यंत्रणेत. या कामाला सिग्नल्स इंटेलिजन्स म्हणतात.

सम-विषम तारखा

दुसऱ्या महायुद्धात उतरण्याआधी अमेरिकेचं लष्कर आणि नौदल, दोघंही जपानचे राजनैतिक संदेश फोडत होते. काम कोणी करायचं यावर वाद. मग तोडगा निघाला: सम तारखांचे संदेश लष्कराचे, विषम तारखांचे नौदलाचे! आपल्याकडे सम-विषम पार्किंगचा बोर्ड असतो ना, अगदी तसं. यामागे तांत्रिक कारण नव्हतं, दोघांचा मान राखायचा होता.

नावापुरतं केंद्र

युद्धानंतर २० मे १९४९ रोजी आर्म्ड फोर्सेस सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे 'आफसा', स्थापन झाली. पण लष्कर, नौदल आणि नव्या हवाई दलाने आपापली युनिट्स सोडली नाहीत. संदेश पकडणारी केंद्रं बरीचशी त्यांच्याच हातात राहिली. वर तिन्ही दलांची समिती बसली आणि तिथे महत्त्वाच्या निर्णयाला एकमत लागायचं. मी रोज सर्व्हरवर काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: युजरचं नाव 'ॲडमिन', पण राइट्स फक्त 'रीड'चे.

जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि यंत्रणेला आधी चाहूलही लागली नाही. परराष्ट्र खातं आणि सीआयए आधीच वैतागले होते. त्यांनाही ही माहिती हवी होती, पण सूत्रं सगळी सैन्याकडे. डिसेंबर १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी चौकशी लावली. वकील जॉर्ज ब्राउनेल यांच्या समितीने जून १९५२ मध्ये अहवाल दिला. त्याचा सूर असा, की केंद्राला खरे अधिकार द्या.

रूट ॲक्सेस मिळाला, पण...

२४ ऑक्टोबर १९५२ रोजी ट्रुमन यांनी आदेशावर सही केली. हे काम आता एकेका दलाचं नाही, तर राष्ट्राचं ठरलं. ४ नोव्हेंबरला नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे एनएसए, सुरू झाली. त्याच दिवशी देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती, पण मतदारांना याचा पत्ताच नव्हता. आदेश गुप्त होता. संसदेत कायदा झाला नाही, चर्चाही नाही.

म्हणजे रूट ॲक्सेस दिला, पण लॉग तपासणारा बाहेरचा कोणी नेमलाच नाही. परिणाम १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीपुढे आला. आंतरराष्ट्रीय तारांच्या प्रती कंपन्यांकडून वर्षानुवर्षं घेतल्या जात होत्या, त्यात अमेरिकी नागरिकांच्याही तारा होत्या. लष्कराने १९४५ मध्ये सुरू केलेलं हे काम एनएसएने पुढे चालवलं होतं. अशा पाळतीसाठी विशेष न्यायालयाची परवानगी सक्तीची करणारा कायदा आला तो थेट १९७८ मध्ये.

माझ्या मते, एकत्रीकरण चुकीचं नव्हतं. सम-विषमचा कारभार कोणालाच परवडणारा नव्हता. पण अधिकार आणि तपासणी यांत २६ वर्षांचं अंतर पडलं. म्हणून उद्या 'सगळा डेटा एका ठिकाणी' अशी कुठलीही योजना ऐकली, तर दोन प्रश्न नक्की विचारा: ॲडमिन कोण? आणि त्याचे लॉग कोण बघणार?