गावी निघण्याआधी कूलंट बघा

आखाजीला गोडादऱ्यातून गाड्या खानदेशाकडे निघतात. बारडोली, सोनगढ, नवापूरपर्यंत सगळं ठीक असतं. गाडीची खरी परीक्षा कोंडाईबारीच्या घाटात.

कूलंट दर आठवड्याला कमी होतं आणि आपण म्हणतो, उन्हाळा आहे, उडत असेल. बंद यंत्रणेतलं कूलंट असं उडत नाही. ते कुठेतरी जातंय.

आधी बाहेर शोधा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसतो का बघा. होजपाईप, रेडिएटर, वॉटर पंपही तपासा. सगळं कोरडं निघालं तर संशय हेड गॅस्केटवर: सायलेन्सरमधून गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर, टाकीत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट थर मात्र नुसत्या दमटपणानेही येतो, आणि सुरतेत दमटपणाला काय तोटा! म्हणून इंजिन उघडण्याआधी मेकॅनिकला ब्लॉक टेस्ट करायला सांगा. पेट्रोल गाडीत निळं द्रव पिवळं झालं, तर जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतोय.

घाटात काटा लालवर गेला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं. पोरं कुरकुरली तरी ‘साक्री आलंच’ म्हणत गाडी रेटू नका, तेवढ्यातही हेड वाकू शकतं.